अंतराळातील व्यतिकरणमापन आणि ‘सापेक्षतेची दुरुस्ती’ : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

अंतराळात लक्षावधी किलोमीटर अंतरावर असलेल्या यानांमध्ये प्रकाशाच्या व्यतिकरणाने मापन करावयाचे झाल्यास सापेक्षता सिद्धांताने सांगितलेले कालविषयक परिणाम विचारात घ्यावे लागतात. या प्रक्रियेला सर्रास ‘सापेक्षतेची दुरुस्ती’ असे म्हटले जाते. प्रस्तुत निबंधात ‘लिसा’ या नियोजित प्रकल्पाच्या संदर्भात या संज्ञेची चिकित्सा केली आहे. मासिमो टिंटो व संजीव धुरंधर यांच्या ‘टाइम-डिले इंटरफेरोमेट्री’ या समीक्षालेखाची मांडणी आणि त्यानंतरचे संशोधन यांच्या आधारे असे दाखविले आहे की, ‘दुरुस्ती’ या एका शब्दाखाली यंत्राचा दोष, संदर्भचौकटीचा बदल आणि निसर्गातील प्रत्यक्ष परिणाम अशा तीन भिन्न गोष्टी एकत्र झाल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय या मापनाचा अर्थ नीट लागत नाही.

बीजशब्द : लिसा, कालविलंब व्यतिकरणमापन, स्वकाल, एकसमयता, समतुल्यतेचे तत्त्व.

१. प्रस्तावना

सापेक्षता सिद्धांताचा व्यवहारातील उपयोग सांगताना उपग्रहांवरील घड्याळांचा दाखला हमखास दिला जातो. स्थाननिर्धारण करणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही ‘चूक’ दुरुस्त केली नाही तर दिवसाला अकरा किलोमीटरचा घोटाळा होईल, असे विधान लोकप्रिय विज्ञानलेखनात वारंवार आढळते. त्यातील ३८ मायक्रोसेकंदांचा आकडा बरोबर आहे. १९७७ साली सोडलेल्या एनटीएस-२ या उपग्रहावरील सिझियम घड्याळाने त्याची प्रचीती दिली. परंतु अकरा किलोमीटरचा निष्कर्ष तितका सरळ नाही. सर्व उपग्रहांची घड्याळे सारखीच पुढे गेली, तर जमिनीवरील ग्राहकयंत्र स्वतःच्या वेळेतील फरक हीच एक अज्ञात राशी धरून समीकरणे सोडविते आणि सामाईक भाग बव्हंशी त्या राशीतच सामावला जातो. घातक ठरतो तो घड्याळाघड्याळांमधील फरक. सर्वांना समान असलेला वेग नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा ‘चूक’ या शब्दाचा आहे. उपग्रहावरील घड्याळ चुकत नसते. ते आपल्या मार्गावरील काळ अचूक मोजत असते. त्याला चुकीचे ठरविण्यासाठी सर्वत्र एकसारखा वाहणारा असा एक ‘खरा’ काळ गृहीत धरावा लागतो, आणि सापेक्षता सिद्धांताने नाकारलेली गोष्ट नेमकी तीच होय. म्हणजे ज्या वाक्याने सापेक्षतेचे महत्त्व पटवून द्यावयाचे, तेच वाक्य न्यूटनप्रणीत निरपेक्ष काळाला मागल्या दाराने परत आणते. जीपीएसच्या बाबतीत ही विसंगती खपून जाते. अंतराळातील व्यतिकरणमापनात मात्र तिच्यामुळे मापन कशाचे होत आहे, हेच कळेनासे होते.

२. लिसाची रचना आणि विलंबाचा प्रश्न

लिसा हा गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी आखलेला युरोपीय अंतराळ संस्थेचा प्रकल्प असून २५ जानेवारी २०२४ रोजी त्याला औपचारिक स्वीकृती मिळाली. २०३५ साली प्रक्षेपणाचे नियोजन आहे. तीन याने परस्परांपासून सुमारे २५ लाख किलोमीटर अंतरावर राहून समभुज त्रिकोण साधतील आणि पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरतील. त्रिकोणाचे प्रतल क्रांतिवृत्ताशी ६० अंशांचा कोन करील. यानांमधून १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे लेसर किरण ये-जा करतील. एका भुजेवरून प्रकाश जाण्यास सुमारे ८.३ सेकंद लागतील.

जमिनीवरील व्यतिकरणमापकात दोन्ही भुजा जवळजवळ समान असतात. लेसरच्या वारंवारतेतील अस्थिरता, म्हणजेच लेसरचा गोंगाट, दोन्ही भुजांतून सारख्याच विलंबाने परततो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. लिसाच्या भुजा सूर्यमालेतील गतिशास्त्राच्या स्वाधीन असल्याने त्या समान राखता येत नाहीत. त्यांच्या लांबीत सुमारे एक टक्क्याचा फरक राहतो, आणि २५ लाख किलोमीटरचा एक टक्का म्हणजे २५ हजार किलोमीटर. त्यामुळे साध्या वजाबाकीने गोंगाट जात नाही. तो अपेक्षित गुरुत्वीय संदेशाच्या तुलनेत सुमारे दहा कोटी पट मोठा असतो.

यावरील उपाय म्हणजे कालविलंब व्यतिकरणमापन. प्रत्येक यानावर झालेली मोजणी साठवून ठेवावयाची आणि नंतर योग्य त्या विलंबांनी मागे-पुढे सरकवून अशा रीतीने जुळवावयाची की, जणू दोन प्रकाशकिरण सारखीच वाट चालून परस्परांना भेटले. एक काल्पनिक किरण आधी ‘अ’ भुजेवरून आणि मग ‘ब’ भुजेवरून जाऊन येतो. दुसरा आधी ‘ब’ आणि मग ‘अ’. भुजा असमान असल्या तरी एकूण वाट समान होते. १९९९ साली टिंटो, आर्मस्ट्राँग व एस्टाब्रुक यांनी ही कल्पना लिसासाठी विकसित केली. येथे विलंब हाच मापनाचा कणा आहे. विलंब चुकला की दहा कोटी पट मोठा गोंगाट लगेच आत शिरतो. म्हणूनच यानांमधील अंतर मीटरच्या अचूकतेने, अर्थात प्रकाशाचा प्रवासकाल काही नॅनोसेकंदांच्या अचूकतेने जाणण्याचे उद्दिष्ट ठेवले जाते.

३. टिंटो-धुरंधर यांचे विवेचन : सामर्थ्य आणि मर्यादा

या विषयाचा प्रमाणभूत आढावा म्हणून टिंटो व धुरंधर यांच्या समीक्षालेखाकडे पाहिले जाते. ‘लिव्हिंग रिव्ह्यूज इन रिलेटिव्हिटी’ या नियतकालिकात तो २००५ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि २०१४ व २०२१ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर यांनी राजेश नायक व ज्याँ-इव्ह विने यांच्यासमवेत २००२ साली मांडलेली बैजिक पद्धती हा या लेखाचा गाभा होय. विलंब देण्याच्या क्रियेला एक कारक मानले, तर गोंगाट नाहीसा करणाऱ्या सर्व जुळण्या म्हणजे तीन चलांतील बहुपदींच्या काही समीकरणांची उत्तरे ठरतात. अशा उत्तरांचा संपूर्ण संच थोड्याच मूळ जुळण्यांपासून निर्माण करता येतो, हे या पद्धतीने सिद्ध झाले. तोवर कौशल्याने, एकेक करून शोधलेल्या जुळण्यांना त्यामुळे एक व्यवस्था लाभली. ही या विवेचनाची मोठी कामगिरी होय.

तथापि विषयाच्या ऐतिहासिक वाटचालीतून रूढ झालेल्या मांडणीचा एक परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. प्रथम याने स्थिर मानली जातात. नंतर त्रिकोणाचे भ्रमण आणि शेवटी भुजांच्या लांबीतील बदल विचारात घेतला जातो. त्यानुसार जुळण्यांना ‘पहिली पिढी’ आणि ‘दुसरी पिढी’ अशी नावे रूढ झाली आहेत. हा क्रम शिकविण्यास सोयीचा आहे. परंतु त्यातून स्थिर त्रिकोण हे मूळ वास्तव आणि गती व सापेक्षता ही त्यावर चढविलेली ठिगळे, असा समज वाचकाच्या मनात रुजतो. वस्तुस्थिती उलट आहे. लिसा क्षणभरही स्थिर नसते. एका भुजेवरून प्रकाश जाऊन येईपर्यंत, म्हणजे सुमारे १६.७ सेकंदांत, सेकंदाला दहा मीटर या सापेक्ष वेगाने भुजेची लांबी १६७ मीटरने बदलते. मीटरच्या अचूकतेपुढे हा बदल क्षुल्लक नव्हे.

बीजगणिताच्या भाषेत याचा अर्थ असा की, विलंबाचे कारक क्रमनिरपेक्ष राहत नाहीत. आधी ‘अ’ मग ‘ब’ आणि आधी ‘ब’ मग ‘अ’ यांची उत्तरे भिन्न येतात. म्हणून दुसऱ्या पिढीत एक किरण अ-ब-ब-अ असा आणि दुसरा ब-अ-अ-ब असा न्यावा लागतो. उरलेला फरक त्यामुळे बव्हंशी फिटतो. क्रमाला महत्त्व असणे हा येथे अपवाद नसून नियम आहे, आणि क्रमनिरपेक्ष स्थिती ही केवळ एक सोयीची मर्यादा आहे. समीक्षालेखाचे गणित हे पूर्णपणे जाणते. ‘पिढ्यां’ची भाषा मात्र ते झाकून टाकते.

४. अर्ध्या मिलिसेकंदाचे उदाहरण

‘दुरुस्ती’ या शब्दाची कसोटी प्रत्यक्ष आकड्यांवर घेणे उद्‌बोधक ठरते. यानांच्या कक्षांचे गणित सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी निगडित अशा संदर्भकालात केले जाते. याने सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याच्या गुरुत्वक्षेत्रात फिरतात. वेगाचा आणि गुरुत्वाचा परिणाम एकत्र केल्यास त्यांची घड्याळे या संदर्भकालाच्या तुलनेत वर्षाला सुमारे ०.४७ सेकंद मागे पडतात. हा भाग तिन्ही यानांना समान आहे. परंतु त्यांच्या कक्षा किंचित लंबवर्तुळाकार, सुमारे ०.००४८ विकेंद्रतेच्या असल्याने प्रत्येक घड्याळात वर्षभराच्या आवर्तनाची सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाची आंदोलनेही येतात. तीन यानांची आंदोलने एकाच वेळी एकाच टप्प्यावर नसतात. म्हणून घड्याळे परस्परांपासूनही ढळतात. प्रकाश अर्ध्या मिलिसेकंदात १५० किलोमीटर जातो. वरवर पाहता ही मोठीच ‘चूक’ आहे.

आता हेच चित्र लिसाच्या त्रिकोणाच्या मध्याबरोबर मुक्तपणे पडणाऱ्या चौकटीतून पाहावे. एका चौकटीतून तिच्या सापेक्ष वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या चौकटीत जाताना एकसमयता बदलते, हे विशिष्ट सापेक्षतेचे मूलभूत फलित आहे. दोन घटना गतीच्या दिशेने जितक्या दूर, तितका त्यांच्या वेळांतील फरक मोठा. प्रत्येक यान मध्यापासून कक्षीय गतीच्या दिशेने जास्तीत जास्त सुमारे १४ लाख किलोमीटर पुढे वा मागे जाते. या अंतराला ३० किलोमीटर प्रतिसेकंद या वेगाने गुणून प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले असता येणारे उत्तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासच असते. चिन्ह आणि आवर्तनाचा टप्पा हेही तंतोतंत जुळतात.

हा योगायोग नव्हे. समतुल्यतेच्या तत्त्वानुसार मुक्तपतन करणाऱ्या लहान प्रदेशात सूर्याचे एकसमान गुरुत्व जाणवत नाही. तेथील घड्याळे परस्परांशी जुळलेलीच राहतात. सूर्यकेंद्री हिशेबात जी आंदोलने ‘घड्याळांची चूक’ म्हणून दिसतात, ती या चौकटीत जवळजवळ पूर्णपणे विरून जातात. म्हणजे अर्धा मिलिसेकंद हा घड्याळांचा गुणधर्म नव्हता. ‘एकाच वेळी’ या शब्दांचा अर्थ सूर्यमालेच्या संदर्भाने लावल्याचा तो परिणाम होता.

सूर्याच्या गुरुत्वाने प्रकाशास होणाऱ्या विलंबाचीही तीच कथा आहे. शापिरो यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विलंब एका भुजेवर सुमारे १६० नॅनोसेकंद, म्हणजे जवळजवळ ५० मीटरएवढा भरतो. कक्षांवरून प्रवासकाल काढावयाचा असेल तर तो हिशेबात धरणे अपरिहार्य आहे. पण यानाने स्वतःच्या घड्याळाने मोजलेला काळ आणि त्या परिसरातील स्वतःच्या मापाने मोजलेली लांबी यांची तुलना केली, तर प्रकाश नेहमीच्याच वेगाने गेलेला आढळतो. ५० मीटर नकाशावर आहेत, जागेवर नाहीत.

५. जे चौकट बदलूनही उरते

मग सगळेच सांकेतिक आहे काय? तसे मुळीच नाही. त्रिकोणाभोवती एक किरण उजवीकडून आणि दुसरा डावीकडून पाठवून दोन्ही त्याच यानावर परत आणले, तर ते एकाच वेळी पोहोचत नाहीत. त्रिकोण स्वतः फिरत असल्याने हा फरक पडतो आणि तो किलोमीटरच्या मापात भरतो. १९१३ साली जॉर्ज सान्याक यांनी फिरत्या पटावर दाखविलेला परिणाम तो हाच. येथे आरंभ व शेवट एकाच घड्याळाजवळ होतो. दूरच्या दोन ठिकाणांच्या एकसमयतेचा प्रश्नच उद्‌भवत नाही. त्यामुळे कोणतीही चौकट घेतली तरी हा फरक कायम राहतो.

याउलट एकाच भुजेवरील जाण्याचा काळ आणि येण्याचा काळ यांतील फरक पाहावा. प्रकाश वाटेवर असलेल्या ८.३ सेकंदांत यान सूर्याभोवती सुमारे २५० किलोमीटर पुढे सरकते. त्यामुळे सूर्यकेंद्री हिशेबात जाण्याची व येण्याची वाट भुजेच्या दिशेनुसार असमान दिसते. यानांच्या चौकटीत ही असमानता जवळजवळ नाहीशी होते. दोन्ही परिणाम एकाच पाठात, एकाच ‘दुरुस्ती’च्या मथळ्याखाली शिकविले जातात, परंतु पहिला निसर्गाचा आहे आणि दुसरा बव्हंशी नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा.

या भेदाला आणखी एक खोल बाजू आहे. मुक्तपतनातही जे नाहीसे होत नाही, ते गुरुत्वातील जागोजागचा फरक, अर्थात भरती-ओहोटी घडविणारा ताण. गुरुत्वीय लहर म्हणजे असाच, काळानुसार बदलणारा ताण होय. जे चौकट बदलल्याने विरते आणि जे विरत नाही, यांतील सीमारेषा ही केवळ पारिभाषिक काटेकोरपणाची बाब नाही. लिसाला जे शोधावयाचे आहे, ते त्या रेषेच्या पलीकडल्या बाजूस आहे.

६. घड्याळे न जुळविता मापन

२०२२ साली हार्टविग, बेल, स्टाब, हीस, लिली व वोल्फ यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने या चिकित्सेला भक्कम आधार मिळतो. तीन यानांची घड्याळे आधी एका सामाईक काळाशी जुळवावयाची आणि मग गोंगाट काढावयाचा, हा रूढ क्रम आवश्यक नाही, असे त्यांनी दाखविले. यानांवर प्रत्यक्ष मोजली जाते ती राशी म्हणजे किरण पोहोचताना ग्राहक यानाच्या घड्याळाने दाखविलेली वेळ उणे तो निघताना प्रेषक यानाच्या घड्याळाने दाखविलेली वेळ. तिच्यात प्रकाशाचा प्रवासकाल, घड्याळांतील तफावत आणि सापेक्षतेचे सर्व परिणाम एकजीव झालेले असतात. त्यांना वेगळे न करता तीच राशी विलंब म्हणून वापरली तरी लेसरचा गोंगाट नाहीसा होतो.

याचा तात्त्विक अर्थ महत्त्वाचा आहे. व्यतिकरणाला सार्वत्रिक काळाची गरज नाही. त्याला लागते ती कोणता किरण कोणत्या क्षणी निघाला व कोणत्या क्षणी पोहोचला यांची जोडी. प्रत्येक यानाचा स्वकाल त्यासाठी पुरेसा आहे. आधी ‘चुका’ दुरुस्त करून मग मोजावयाचे नसते; मोजलेल्या राशीतच सापेक्षता आधीपासून असते.

७. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, सामाईक काळ टाळता येत नाही. लहरींचा उगम आकाशात कोठे आहे, हे बऱ्याच अंशी लिसाच्या वर्षभराच्या भ्रमणाने संदेशात पडणाऱ्या डॉप्लर बदलांवरून ठरते. त्यासाठी सर्व नोंदी सूर्यमालेच्या संदर्भकालात आणाव्याच लागतात. सोफी पिरो यांनी २००७ साली लिसातील कालमापनपद्धतींचा जो स्वतंत्र विचार केला, तो म्हणूनच आवश्यक होता. हा आक्षेप रास्त आहे. परंतु हे काम गोंगाट काढून झाल्यानंतरचे असून त्याला लागणारी अचूकता तुलनेने शिथिल असते. शिवाय ते दुरुस्तीचे नसून भाषांतराचे काम आहे. एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत नेला म्हणून मूळ मजकूर अशुद्ध ठरत नाही.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. आकडे बरोबर येत असतील तर शब्दावर वाद कशाला? याचे उत्तर असे की, यानांवरील घड्याळे खरोखरही चुकतात. त्यांतील स्फटिकांच्या दोलकांची वारंवारता ढळते, आणि हा गोंगाट काढण्यासाठी लेसर किरणांवर घड्याळाचा संकेत स्वार करून यानायानांमध्ये पाठविण्याची खास योजना करावी लागते. ही खरी दुरुस्ती होय. यंत्राचा हा दोष आणि स्वकालाचे अचूक मापन यांना एकच नाव दिले, तर विद्यार्थ्याला कोणता आकडा चांगले यंत्र बनवून कमी करता येईल आणि कोणता कधीच कमी होणार नाही, हे सांगता येत नाही. प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून ‘सापेक्षतेची दुरुस्ती’ या संज्ञेऐवजी तीन स्वतंत्र शब्द योजणे इष्ट ठरते. यंत्राचा दोष काढणे ही ‘दुरुस्ती’. एका चौकटीतील नोंद दुसऱ्या चौकटीत नेणे हे ‘रूपांतर’. आणि कोणत्याही चौकटीत टिकून राहतो तो ‘परिणाम’. दोलकाचे ढळणे पहिल्या वर्गात येते, अर्ध्या मिलिसेकंदाची आंदोलने दुसऱ्या आणि सान्याकचा फरक तिसऱ्या. तिन्ही शब्द मराठीत परिचित आहेत. नवी परिभाषा घडविण्याचीही गरज नाही.

टिंटो-धुरंधर यांच्या समीक्षालेखाचे मोल या चिकित्सेने उणावत नाही. विलंबांचा क्रम हाच विषयाचा प्राण आहे, हे त्यांच्या बीजगणितानेच उघड केले. मात्र पदवी व पदव्युत्तर वर्गांत हा विषय शिकविताना स्थिर त्रिकोणापासून आरंभ करण्याऐवजी तीन याने, तीन स्वकाल आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा प्रकाश येथून आरंभ करावा. तसे केल्यास दुसरी पिढी मूळ ठरेल आणि पहिली तिची सोपी मर्यादा. लिसाची नोंदवही उघडली जाईल तेव्हा आज या वर्गांत बसणाऱ्यांपैकी काही जण ती वाचणाऱ्यांत असतील. ‘घड्याळ मागे का पडले?’ या प्रश्नाआधी ‘कोणाच्या हिशेबाने?’ हे विचारण्याची सवय त्यांना आजच लावणे, हे अध्यापनाचे काम आहे.